सर्पणाची संज्ञा : 'हर्पिस' ह्या रोगनामाचा इतिहास

१

रोगाचा इतिहास आणि रोगनामाचा इतिहास ह्या दोन निराळ्या गोष्टी होत. एखादे नाव दोन हजार वर्षे टिकून राहते, परंतु तेवढ्या अवधीत त्या नावाने ओळखला जाणारा विकार अनेकदा पालटलेला असतो; आणि एकच विकार निरनिराळ्या काळी निरनिराळ्या नावांखाली वावरत असतो. प्राचीन ग्रंथांतील रोगनामांचे अर्थ लावताना हा भेद नजरेआड झाला, तर नावाच्या साम्यावरून विकाराचे ऐक्य गृहीत धरण्याची चूक घडते. 'हर्पिस' ह्या संज्ञेचा इतिहास ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. ही संज्ञा प्राचीन ग्रीक वैद्यकात जन्मली, दोन हजारांहून अधिक वर्षे त्वचेवर पसरणाऱ्या नाना विकारांना लावली गेली, एकोणिसाव्या शतकात फोडांच्या एका विशिष्ट प्रकारापुरती मर्यादित झाली आणि विसाव्या शतकात त्वचेचा संबंध सोडून विषाणूंच्या एका मोठ्या कुलाचे नाव होऊन बसली. मराठीतील 'नागीण' हे नाव ह्याच इतिहासाच्या एका शाखेशी अर्थदृष्ट्या समांतर आहे. ह्या नावांमागे काय पाहिले गेले आणि काय पाहिले गेले नाही, ह्याचा विचार येथे केला आहे.

२

ग्रीक भाषेत 'हेर्पेइन' ह्या क्रियापदाचा अर्थ सरपटणे असा आहे. त्यापासून 'हेर्पेस' हे रोगवाचक नाम आणि 'हेर्पेतोन' हे सरपटणाऱ्या प्राण्याचे वाचक नाम अशी दोन नामे सिद्ध झाली. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभ्यासाला यूरोपीय भाषांत 'हर्पेटॉलॉजी' म्हणतात, ते ह्यातील दुसऱ्या नामावरून. ग्रीकमधील 'हेर्पेइ', लॅटिनमधील 'सेर्पित्' आणि संस्कृतातील 'सर्पति' ही तिन्ही रूपे एकाच मूळ धातूची होत. शब्दारंभीच्या मूळ 'स'काराचा ग्रीकमध्ये 'ह'कार होतो; 'सप्त', लॅटिन 'सेप्तेम्' आणि ग्रीक 'हेप्ता' ह्या त्रयीत हाच नियम दिसतो. तेव्हा संस्कृतातील 'सर्प', लॅटिनमधील 'सेर्पेन्स' आणि ग्रीकमधील 'हेर्पेस' हे शब्द सगोत्र आहेत, ह्यात संशय नाही.

ह्याच 'सृप्' धातूपासून आयुर्वेदाने 'विसर्प' ही संज्ञा घडविली. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील एकविसावा अध्याय विसर्पचिकित्सेचा आहे. विविध प्रकारांनी सर्पण करतो म्हणून विसर्प, आणि सर्व बाजूंनी पसरतो म्हणून परिसर्प, अशी व्युत्पत्ती तेथे दिलेली आहे. वातज, पित्तज, कफज, आग्नेय, ग्रंथी, कर्दम आणि सान्निपातिक असे त्याचे सात प्रकारही सांगितले आहेत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'हेर्पेस' आणि 'विसर्प' ह्यांचा धातू एक आहे, एवढ्यावरून मूळ भारत-यूरोपीय भाषेत ह्या रोगाचे नाव होते असे अनुमान निघत नाही. दोन्ही शब्दांची घडण स्वतंत्र आहे. एकात उपसर्ग लागला आहे, तर दुसऱ्यात तसा नाही. वारसा आहे तो केवळ 'सरपटणे' ह्या अर्थाच्या धातूचा. रोगाला तो लावण्याची कल्पना दोन्हीकडच्या वैद्यांना आपापल्या ठिकाणी सुचली असावी. ज्याचे कारण डोळ्यांना दिसत नाही, परंतु ज्याची चाल दिसते, अशा विकाराला चालीवरून नाव देणे ही स्वाभाविक प्रवृत्ती आहे. मराठीत ज्या विकाराला 'धावरे' म्हणतात, त्याच्या नावातही धावण्याचीच क्रिया आहे.

३

प्राचीनांचा 'हेर्पेस' म्हणजे आजचा हर्पिस नव्हे. हिपोक्रेटीसच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात हा शब्द त्वचेवर पसरत जाणाऱ्या क्षतांना सैलपणे लावलेला आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेनने त्याचे प्रकार पाडले आणि त्याचे कारण पीत पित्तात शोधले. त्याच्या प्रकारांपैकी एक बाजरीच्या दाण्यांसारख्या पुळ्यांचा होता, तर दुसरा मांस खात जाणारा होता. ह्या दुसऱ्या प्रकारात आज ज्यांना व्रण, त्वचेचा क्षय किंवा कर्करोग म्हणता येईल असे विकारही समाविष्ट झाले असणे शक्य आहे. विसर्पाचीही स्थिती अशीच आहे. त्याची वर्णने बव्हंशी धावऱ्याशी, म्हणजे त्वचेखाली पसरणाऱ्या जंतुजन्य दाहाशी, जुळतात. काही लक्षणे मात्र नागिणीची आठवण करून देतात. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये 'कक्षा' नावाचा विकार आहे. बाहू, कूस, खांदा आणि काख ह्या ठिकाणी पित्तप्रकोपाने उठणारे, वेदनायुक्त काळे फोड, हे त्याचे लक्षण आहे. एका बाजूच्या ठराविक जागी उठणे आणि वेदना ही दोन लक्षणे पाहता आजच्या नागिणीशी 'विसर्पा'पेक्षा ह्या 'कक्षे'चे साम्य अधिक आहे. ज्या नावात सर्पणाचा धातू आहे ते नाव दुसऱ्याच रोगाकडे नेते, आणि ज्या नावात तो नाही ते जवळ आणून सोडते. व्युत्पत्तीवरून रोगनिर्णय करू पाहणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

यूरोपातही नागिणीला प्रारंभी 'हेर्पेस'पासून वेगळे नाव होते. कंबरपट्ट्याचा वाचक 'झोस्टर' हा ग्रीक शब्द तिला लावला जाई. पट्ट्यासाठी असलेल्या 'सिंगुलुम्' ह्या लॅटिन शब्दापासून इंग्रजी 'शिंगल्स' हे नाव आले. जर्मन भाषेतील नावाचा अर्थ 'पट्ट्याचा गुलाब' असा होतो. नॉर्वेजियन भाषेतील नावात नरकाचा अग्नी आहे. स्पॅनिश भाषेत मात्र ह्या विकाराला 'कुलेब्रिया', म्हणजे लहान सर्प, म्हणतात आणि पोर्तुगीजमधील 'कोब्रेइरो' हे नावही सर्पवाचक शब्दापासूनच बनले आहे. मराठीतील 'नागीण' ह्या पंक्तीत बसते. 'नाग' शब्दाचा 'सृप्' धातूशी काही संबंध नाही. तेव्हा येथे शब्दाचे गोत्र निराळे आणि प्रतिमा एक, असा प्रकार झाला आहे.

४

प्रतिमा एकदा रुजली की ती आपल्याबरोबर एक समजूत आणते. महाराष्ट्रात असे मानले जाते की, नागिणीने कंबरेला वेढा घालून तिचे तोंड आणि शेपूट एकत्र आले तर रोगी दगावतो. 'कुलेब्रिया'विषयी स्पॅनिश भाषिक लोकांतही हीच समजूत आढळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनीने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात 'झोस्टर' माणसाला मध्यभागी वेढतो आणि वेढा पूर्ण झाल्यास प्राण घेतो, असे नमूद केले आहे. प्लिनीच्या नावात सर्प नाही, पट्टा आहे. तरी भीती तीच आहे. अर्थात भीतीचे मूळ नावात नसून फोडांच्या रेषेच्या आकारात आहे. नावाने तिला तोंड आणि शेपूट दिले, इतकेच.

ही समजूत इतकी दीर्घायुषी का ठरली, ह्याचे उत्तर शरीररचनेत आहे. पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या संवेदक मज्जातंतूंच्या जोड्यांपैकी प्रत्येक तंतू शरीराच्या आपल्या बाजूच्या एका पट्ट्याला संवेदना पुरवितो आणि मध्यरेषेपाशी थांबतो. नागीण बहुधा अशा एकाच तंतूच्या क्षेत्रात उठते. त्यामुळे ती सहसा मध्यरेषा ओलांडीत नाही आणि वेढा पुरा होत नाही. जो प्रसंग जवळजवळ कधीच घडत नाही, त्याविषयीचे भाकीत खोटे ठरण्याची संधीही येत नाही. शिवाय फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकतात. म्हणून नागीण 'उतरविणाऱ्या' मांत्रिकाला आणि लेप देणाऱ्याला प्रत्येक वेळी यश मिळाल्यासारखे दिसते. निरीक्षण खरे, अनुमान खोटे, आणि तरीही अनुभवाने ते बळकट होत जाते, असा हा विलक्षण प्रकार आहे.

५

संज्ञेच्या इतिहासातील पहिले मोठे वळण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आले. लंडनमधील रॉबर्ट विलन ह्याने त्वचारोगांचे वर्गीकरण कारणांवरून न करता उघड दिसणाऱ्या मूळ विकृतीच्या आकारावरून करण्याचे ठरविले : पुळी, खवला, डाग, पाण्याने भरलेला फोड, इत्यादी. १८१२ मध्ये त्याचा मृत्यू झाल्यावर त्याचा शिष्य टॉमस बेटमन ह्याने १८१३ मध्ये ही पद्धती एका ग्रंथात पूर्णत्वास नेली. 'हर्पिस' ही संज्ञा ह्या पद्धतीत प्रथमच काटेकोर झाली. लालसर झालेल्या त्वचेवर झुपक्यांनी उठणारे आणि ठराविक क्रमाने सुकून जाणारे द्रवयुक्त फोड, एवढ्यांनाच ते नाव द्यावयाचे ठरले. मांस खाणारे व्रण अशा रीतीने संज्ञेबाहेर गेले.

तथापि आकार हीच कसोटी मानल्यामुळे जे आत राहिले तेही एकजातीय नव्हते. बेटमनच्या सहा प्रकारांत ओठांवरील, जननेंद्रियांवरील आणि पट्ट्याच्या आकाराचा असे तीन प्रकार आजही हर्पिस म्हणूनच ओळखले जातात. परंतु वर्तुळाकार प्रकारात गजकर्णाचा समावेश होता आणि रंगीत कड्यांचा प्रकार हा तर अगदीच निराळा विकार होय. गजकर्णासारखे विकार कवकांमुळे होतात हे डेव्हिड ग्रुबीने पॅरिसमध्ये १८४० च्या दशकात दाखविले, आणि पुढे ते हर्पिसपासून अलग झाले. मराठी बोलीत 'गजकर्ण' व 'नायटा' ही नावे 'नागिणी'पासून निराळी होती. शास्त्रीय वर्गीकरणाने जे एकत्र केले ते लोकभाषेने एकत्र केलेले नव्हते, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे. ह्याचा अर्थ लोकभाषेला कारण ठाऊक होते असा नव्हे. तिच्यापुढे व्यवस्थित कोष्टक भरण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून तिने दिसणारे भेद तसेच राहू दिले.

जुन्या संज्ञेचे अवशेष अद्याप शिल्लक आहेत. लुई ड्यूरिंग ह्याने १८८४ मध्ये वर्णिलेल्या एका त्वचारोगाच्या नावात 'हर्पिससदृश' असे विशेषण आजही आहे. त्या रोगाचा संबंध गव्हातील ग्लुटेनशी असून विषाणूशी काहीही नाही.

६

दुसरे वळण त्वचेकडून मज्जातंतूकडे नेणारे होते. १८३१ मध्ये रिचर्ड ब्राइट ह्याने नागिणीचा संबंध मज्जातंतूंशी असावा असे सुचविले. फोन बेरेनश्प्रुंग ह्याने १८६१ ते १८६३ ह्या काळात शवविच्छेदनाच्या आधारे तो सिद्ध केला. हेन्री हेड आणि आल्फ्रेड कॅम्बेल ह्यांनी १९०० मध्ये २१ शवविच्छेदनांवर आधारलेला प्रबंध प्रसिद्ध केला. नागिणीत मज्जातंतूच्या मुळाशी असलेल्या गुच्छिकेचा दाह होतो हे त्यात त्यांनी दाखविले, आणि फोडांच्या पट्ट्यांवरून शरीराच्या संवेदनाक्षेत्रांचा नकाशाही तयार केला. जो पट्टा सर्पाचे अंग म्हणून पाहिला जात होता, तो मज्जातंतूच्या क्षेत्राची सीमारेषा ठरला.

ह्याच सुमारास कांजिण्या आणि नागीण ह्यांच्या संबंधाचा प्रश्न पुढे आला. नागीण झालेल्या मोठ्या माणसाच्या सहवासात मुलांना कांजिण्या होतात, हे बुडापेस्ट येथील यानोश बोकाय ह्याच्या १८९२ मध्ये ध्यानात आले होते. १९२५ मध्ये कुंड्राटिट्झ ह्याने नागिणीच्या फोडातील द्रव मुलांना टोचून कांजिण्या उत्पन्न झाल्याचे दाखविले. आजच्या नीतिनियमांनुसार असा प्रयोग करता येणार नाही. १९५० च्या दशकात टॉमस वेलर ह्याने दोन्ही विकारांतील विषाणू प्रयोगशाळेत वाढवून त्यांचे ऐक्य प्रस्थापित केले. सायरेनसेस्टर ह्या इंग्लिश गावातील एक साधा वैद्यव्यवसायी, एडगर होप-सिम्प्सन, ह्याने १६ वर्षांत पाहिलेल्या १९२ रोग्यांच्या नोंदींवरून १९६५ मध्ये असा सिद्धान्त मांडला की, नागीण बाहेरून येत नाही. बालपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू गुच्छिकेत सुप्त राहतो आणि प्रतिकारशक्ती क्षीण होताच पुन्हा जागा होतो.

ओठांवरील हर्पिसचा मार्गही असाच उलगडत गेला. विल्हेल्म ग्रूटर ह्याने १९१२ च्या सुमारास सशाच्या डोळ्यावर प्रयोग करून तो संसर्गजन्य असल्याचे दाखविले. हा विषाणू मज्जातंतूतून प्रवास करून गुच्छिकेत दडतो, असे मत अर्नेस्ट गुडपॅश्चर ह्याने १९२९ मध्ये मांडले. १९७१ मध्ये स्टीव्हन्स आणि कुक ह्यांनी उंदरांच्या गुच्छिकांत तो प्रत्यक्ष सुप्तावस्थेत शोधून काढला. १९६० च्या दशकात त्याच्या दोन जाती निश्चितपणे वेगळ्या करण्यात आल्या.

७

ह्यानंतर संज्ञेने त्वचा सोडली. विषाणूंची घडण सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागल्यावर ओठांवरील फोडांच्या विषाणूशी सारखेपणा असलेले अनेक विषाणू एका कुलात गणले गेले, आणि त्या कुलाला रोगाचे जुने नाव मिळाले. आज मानवाला होणाऱ्या ह्या कुलातील विषाणूंची संख्या नऊ धरतात. त्यांची लक्षणे पाहिली म्हणजे नाव आणि अर्थ ह्यांतील अंतर स्पष्ट होते.

साध्या हर्पिसची पहिली जात बहुधा बालपणीच शरीरात शिरते. कित्येकांत काहीच लक्षण दिसत नाही. काहींना ताप, हिरड्यांची सूज आणि तोंडात वेदनायुक्त व्रण होतात. पुढे ताप, ऊन अथवा थकवा ह्यांच्या निमित्ताने ओठांच्या कडेला प्रथम चुणचूण आणि मग फोडांचा झुपका उठतो. डोळ्याच्या स्वच्छमंडलाला झालेल्या संसर्गाने दृष्टी जाऊ शकते. मेंदूचा दाह क्वचित होतो, पण तो घातक असतो. दुसरी जात मुख्यतः जननेंद्रियांवर वेदनायुक्त फोड, जांघेतील ग्रंथींची सूज आणि प्रथम वेळी ताप उत्पन्न करते, व पुनःपुन्हा उद्भवते. प्रसूतीच्या वेळी ती अर्भकाला बाधल्यास प्राणसंकट ओढवते. जननेंद्रियांवरील हर्पिस पहिल्या जातीमुळेही होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतील सुमारे ३८० कोटी लोकांत, म्हणजे ६४ टक्क्यांत, पहिली जात आणि १५ ते ४९ वर्षे वयाच्या सुमारे ५२ कोटी लोकांत दुसरी जात वसत होती.

तिसरा विषाणू कांजिण्यांचा व नागिणीचा. नागिणीत फोडांच्या आधी काही दिवस एका बाजूला जळजळ व वेदना असतात. मग पट्ट्यात फोड येतात. फोड गेल्यावरही वेदना महिनोन्महिने राहणे हे वृद्धांतील तिचे सर्वांत क्लेशदायक लक्षण होय. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसल्यास डोळ्याला धोका असतो. कानात उठल्यास चेहऱ्याचा पक्षाघात होऊ शकतो.

उरलेल्यांत मात्र सर्पणाचा मागमूस राहत नाही. १९६४ मध्ये एप्स्टाइन, अॅचोंग आणि बार ह्यांनी शोधलेला विषाणू ताप, घशाचा दाह आणि ग्रंथींची सूज उत्पन्न करतो आणि काही कर्करोगांशी निगडित आहे. सायटोमेगॅलो विषाणू निरोगी माणसात बहुधा मुका राहतो, परंतु गर्भाला झाल्यास बहिरेपण आणू शकतो. सहाव्या क्रमांकाच्या दोन विषाणूंपैकी मुख्यतः एक आणि काही वेळा सातवा ह्यांच्यामुळे तान्ह्या मुलांना तीन-चार दिवस तीव्र ताप येऊन तो उतरताच अंगावर पुरळ उठते. १९९४ मध्ये सापडलेला आठवा कापोसीच्या अर्बुदाचे कारण आहे. कुलाच्या शास्त्रीय नावाला आता 'ऑर्थो', म्हणजे सरळ, हे पद जोडण्यात आले आहे. व्युत्पत्तीप्रमाणे त्याचा अर्थ 'सरळ सरपटणारा' असा विचित्र होईल. परंतु शास्त्रीय नाव व्युत्पत्तीने अर्थ सांगत नाही. ते केवळ स्थान निश्चित करते.

८

विषाणू मज्जातंतूमधून खरोखरच सरकत जातो, म्हणून प्राचीनांना हे गूढ उमगले होते, असे म्हणण्याचा मोह येथे होण्यासारखा आहे. तो आवरला पाहिजे. प्राचीनांनी पाहिलेले सर्पण त्वचेवरचे होते. तंतूमधील प्रवास त्यांना दिसणे शक्य नव्हते. 'हेर्पेस', 'विसर्प' आणि 'नागीण' ही नावे निरीक्षणाची साक्ष देतात, ज्ञानाची नव्हे. त्यांना ज्ञानाचे श्रेय दिले की निरीक्षणाचे खरे मोलही झाकले जाते.

हा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही. १९६२ मध्ये हर्बर्ट कॉफमन ह्याने डोळ्यातील हर्पिसवर औषधाचा गुण दाखविला. पुढे गर्ट्रूड एलियन हिच्या प्रयोगशाळेतून असायक्लोव्हिर हे औषध निघाले आणि १९८८ मध्ये औषधसंशोधनाच्या कार्याबद्दल तिला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. नागिणीवर ह्या वर्गातील औषधे फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्यास सर्वांत उपयोगी पडतात. वेढा पुरा होतो की नाही ह्याकडे डोळे लावून आणि लेपावर विसंबून जे तीन दिवस जातात, ते तीन दिवस नावातील प्रतिमेने घेतलेले असतात. उलटपक्षी, तपासणीच्या कागदावर 'हर्पिस' हा शब्द पाहून नागिणीच्या अथवा ओठावरील फोडांच्या रोग्याला लैंगिक रोगाचा कलंक लागल्यासारखे वाटते. तेथे कुलाचे नाव व्यक्तीच्या माथी मारले जाते. एका नावात अर्थ जास्त आहे, दुसऱ्यात तो पुरेसा स्पष्ट नाही.

ह्यावर उपाय म्हणून 'नागीण' हा शब्द टाकून द्यावा, असे मात्र निष्पन्न होत नाही. तो स्पष्ट, सुटसुटीत आणि सर्वांना कळणारा आहे. 'परिसर्प' ही पारिभाषिक संज्ञा त्याची जागा घेऊ शकणार नाही. शब्द राहावा आणि त्याचा अर्थ मात्र नव्याने सांगितला जावा : नागीण ही बाहेरून येऊन वेढा घालीत नाही, ती बालपणीच्या कांजिण्यांतून आत राहिलेली असते आणि एका तंतूच्या वाटेने बाहेर येते. एवढे एक वाक्य शब्दाबरोबर पोहोचले, तर तोंड-शेपटीची भीती निराधार होईल आणि उपचाराची वेळ हातची जाणार नाही.